ठिगळेला लागलेलं कलम

कोरडगाव तालुक्यात फळझाडाचं रोप विकत घ्यायचं तर त्या रोपाला रहिवासी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी रोपाने स्वतः कचेरीत हजर राहून जबाब द्यावा लागतो. नियम यंदाचाच. इथलं हवामान न मानवून झाडं वाळतात अशा तक्रारी फार झाल्या, तेव्हा वरून ठरलं की झाड इथलं आहे की नाही हे झाडालाच विचारावं. रोपं बोलतात हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतंच. विचारायची पद्धत तेवढी नव्हती.

द्वारकाबाई शेंडगे सोमवारी दहाच्या ठोक्याला कचेरीच्या बाकावर येऊन बसली ती रागातच. मांडीवर काळ्या पिशवीत हातभर उंचीचं आंब्याचं कलम होतं. तीस वर्षं तिने अंगणवाडी सांभाळली, दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी भरवली, आणि स्वतःसाठी मागितलं ते एकच, की परसात आपल्या हाताने लावलेल्या झाडाचा आंबा खायचा. एवढ्याशा मागण्यात तिची बारा वर्षं मातीत गेली होती.

पहिल्यांदा एका रोपवाटिकेने तिला हापूस दिला. या उघड्या माळावर हापूस येईल का, असं तिने विचारलं होतं. "बाई, लावणाराच्या हाताला गुण असतो," असं उत्तर मिळालं. गुण असलेल्या हाताने तिने सहा वर्षं पाणी घातलं आणि सहाव्या उन्हाळ्यात वाळलेलं खोड त्याच हाताने उपटलं. मग दुसरी रोपवाटिका शोधली. तिथला केशर जगला, वाढला, सहाव्या वर्षी फळलाही. फळं लिंबाएवढी, दोऱ्यांनी भरलेली आणि तोंड वाकडं करणारी आंबट. म्हणून आता तिसरी रोपवाटिका. एकीची पाटी हिरवी, दुसरीची निळी, तिसरीची पिवळी, आणि तिन्हींचा मालक एकच, नंदकुमार ठिगळे, हे तिला हमीपत्रावरची सही बघून कळलं होतं. तोवर पाटीचा रंग बदलला की माणूस बदलतो असं ती समजत होती. या भाबडेपणाचाही तिला राग होता.

ठिगळे शेजारच्या खुर्चीत पान चघळत निवांत बसला होता. पडताळणी अधिकारी उमराणी आले, त्यांनी चष्मा पुसला आणि फॉर्म उघडला.

"रोप कोणत्या कलमाखाली?"

"केशर कलम," द्वारकाबाई म्हणाली.

"तसं नाही, बाई. नियमाचं कलम विचारतोय."

"मला कलमांनीच मारलंय, सायेब. कुठलं बी लिवा."

उमराणींनी "बारा" असं लिहिलं. मग त्यांनी रोपाला पिशवीतल्या मातीची शपथ दिली आणि नाव विचारलं.

"चिठ्ठीवर लिवलंय त्ये सांगू का खरं त्ये?" रोप म्हणालं. आवाज खालून, अगदी मातीलगत, येत होता.

"खरं."

"मग मी रायवळ. गावठी आंबा. हितल्याच वढ्याकडंच्या झाडाची कोय हाय मी. मला खुंट म्हणून लावलं, आन् माझ्या डोक्यावर केशरची काडी बांधली."

"मग त्या केशरला बोलू द्या. दाखला त्याचा आहे."

"त्यो न्हाई बोलायचा, सायेब. त्यो मार्गशीर्षातच मेला. काडी सुकली, तवा ह्या मालकानं ती वरनं कापली आन् माझ्या बुडातनं फुटवा आलाय त्यो तसाच वाढू दिला. ही जी पानं दिसत्यात ती माझीच हायत."

उमराणींनी चिमटीत धरून जोड पाहिला. जोडाच्या वर काळं थोटूक होतं आणि सगळी हिरवी पानं जोडाच्या खालून निघाली होती. त्यांनी तशी नोंद केली. ठिगळेने पान दुसऱ्या गालात सरकवलं.

द्वारकाबाईने रोपाकडे वाकून विचारलं, "माझा आधीचा केशर बी असाच हुता का रं?"

"त्यो माझा थोरला भाऊ, मावशी. एकाच झाडाच्या कोया."

"मग बोलला का न्हाई त्यो? सा वरीस रोज सकाळी त्याच्या बुडाशी उभी हुते मी."

"तुमी पाणी घालत हुता. इचारलं कुटं काय?"

द्वारकाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. पोरांना गप्प करायची तिला सवय होती, आवाज न चढवता.

"ठिगळे, माझ्या पायलीभर धान्यात तू खडं घातलं असतंस तर मी निवडून खाल्लं असतं. तू माझी वरसं खाल्लीस. आंबा सा वरसांनी कळतो, म्हणून तू निवांत. कळंस्तवर माणूस थकतं, न्हाईतर मरतं, आन् तू नवी पाटी रंगवतूस. मी एकसष्टची झाले. आता माझ्याकडं एकाच झाडापुरतं आयुष्य उरलंय. त्ये बी तू ह्या पिशवीत घालून इकायला बसलायस. लाज न्हाई वाटली तुला?"

"बाई, रोप म्हटलं की थोडंफार इकडंतिकडं हुतंच," ठिगळे म्हणाला.

उमराणींनी हमीपत्र काढून मोठ्याने वाचलं. खाली ठिगळेची सही होती. "सदर रोप स्थानिक हवामानास योग्य असून सहा वर्षांत केशर जातीचे फळ देईल. तसे न आढळल्यास हमीदारास कलम लावण्यात येईल."

"लावा की," ठिगळे हसला. कलमं लावून घ्यायची त्याला सवय होती. "कुठलं लावताय?"

"केशर," उमराणी म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली.

शिपाई धारदार चाकू, प्लास्टिकची पट्टी आणि खऱ्या केशरची काडी घेऊन आला. उमराणींनी नवा फॉर्म घेतला.

"रहिवास?"

"जन्मापासून हितंच," ठिगळे सवयीने बोलून गेला.

"दुष्काळ सोसलेत?"

"समदे सोसलेत."

"मग खुंट म्हणून पात्र." त्यांनी शिक्का मारला. शिपायाने ठिगळेच्या उजव्या खांद्यावर खाच घेतली, काडी बसवली आणि पट्टी घट्ट गुंडाळली. ठिगळेने वरच्या कचेरीत अपील करायची भाषा केली, तेव्हा उमराणींनी सांगितलं की अपील करता येईल, पण फळ आल्यानंतर.

द्वारकाबाईने त्याला त्याच दिवशी परसातल्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत लावला. गावठी रोपालाही तिने कुंपणाशी जागा दिली, कारण आजवर तेवढं एकच तिच्याशी खरं बोललं होतं.

राग होता तरी तिने पाणी चुकवलं नाही. तिला आंबा हवा होता. दिवसाआड दोन बादल्या, चैत्र-वैशाखात वर तट्ट्याची सावली, बुडाशी पालापाचोळा. ठिगळेची बायको दर गुरुवारी डबा घेऊन यायची. द्वारकाबाई त्यातली अर्धी भाकरी ठेवून बाकी परत पाठवायची, कारण फार खत झालं की कलम नुसतं पाल्यावर जातं. जोडाच्या खालून जे फुटेल ते खुडायचं, हा नियम तिने नीट समजून घेतला होता. ठिगळे कधी, "बाई, त्या वर्सी पाऊसच असा झाला की," असं सुरू करायचा. हे जोडाच्या खालचं आहे हे ओळखून ती तिथल्या तिथे खुडायची. दुसऱ्या वर्षापासून तो गप्प उभा राहू लागला आणि काडी जोमाने वाढली.

सहाव्या वर्षी मोहोर आला. वाऱ्याने निम्मा झडला, तरी अकरा आंबे धरले. द्वारकाबाई सदुसष्टची झाली होती आणि दोन दात गेले होते. पहिला आंबा तिने पेंढ्यात घालून पिकवला, परसातच पाटावर बसून कापला आणि एक फोड तोंडात घातली. केशरच होता. गोड, बिनदोऱ्याचा, कोयीपर्यंत भगवा. तिने अख्खा खाल्ला, हात धुतले आणि मग तिला रडू आलं.

पदराने डोळे पुसून ती ठिगळेसमोर जाऊन उभी राहिली.

"म्हंजे जमत हुतं की रं तुला," ती म्हणाली.

ठिगळे काही बोलला नाही. बोलला असता तर तिने खुडलं असतं.