बारमाही धबधबा

"धबधबा बघायला थायलंडला?" लालासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "का? ठोसेघर बंद पडलं का?"

"आबा, मार्च हाय. ठोसेघरला आता नुसता खडक हाय," जयराज म्हणाला. "ह्यो धबधबा बारमाही हाय. शिवाय बेटं. सकाळी एका बेटावर, दुपारी दुसऱ्या, सांजच्याला तिसऱ्या. आयलंड हॉपिंग म्हणत्यात त्याला."

"आपल्यात त्याला उंडारणं म्हणत्यात."

कराडच्या लालासाहेबांकडे नदीकाठचा ऊस होता, कारखान्यात वट होती आणि एकुलता एक मुलगा होता. पहिल्या दोन गोष्टींची त्यांना काळजी नव्हती. जयराजने ऊस सोडून सगळं करून पाहिलं होतं. कोंबड्या पाळून झाल्या, व्यायामशाळा काढून झाली, आणि आता टूर कंपनी निघाली होती. तिचा फलक लागला होता, खुर्च्या आल्या होत्या. गिऱ्हाईक यायचं बाकी होतं.

"हे बघ," लालासाहेब म्हणाले, "कोरेगावच्या माजी सैनिकांची सहल तू ठरवलीस, तर कर तुझं दुकान. न्हाईतर आल्यावर गपगुमान उसाच्या खोडव्यात उभा राहायचं, हातात खोरं घिऊन. कबूल?"

"कबूल."

"शिवांजली, तू साक्षीदार."

"व्हय आबा," सून आतून म्हणाली. "खोरं कुठं ठेवलंय तेवढं बघून ठेवते."

जयराजचा बेत तसा पक्का होता. आधी आपण जायचं, बेटांचं चित्रण करून ठेवायचं आणि धबधबा मोबाईलवरून थेट दाखवायचा. कोरेगावच्या मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर सगळ्या माजी सैनिकांनी, त्यांच्या बायकांनी तो बघायचा आणि तिथल्या तिथं नावं नोंदवायची. पडदा आणि नोंदणीचं टेबल शिवांजलीकडे. लालासाहेब पहिल्या रांगेत, कारण ते दुसऱ्या रांगेत कधी बसलेलेच नव्हते.

सोबतीला त्याने कॉलेजच्या वसतिगृहातले दोन मित्र घेतले. जोतीराम कोरेगावचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि माजी सैनिक संघटनेचा सचिव. पलटणीत त्याने आयुष्यभर पूल बांधले होते. मंगल कार्यालय भरेल एवढी आमंत्रणं त्याने आधीच दिली होती, त्यामुळे त्याला नेणं भागच होतं. दुसरा धुळा, पलीकडे माणदेशातला. बापजाद्यांची मेंढरं, याची डाळिंबं. त्याला नेण्याचं कारण असं, की समाधानी गिऱ्हाईक म्हणून फोटोत कोणीतरी लागतं आणि धुळा कशानेही समाधानी होतो, असा जयराजचा समज होता.

समज अर्धाच खरा होता. धुळा गावच्या पाणलोट समितीचा अध्यक्ष होता. श्रमदानात त्याच्या गावाला बक्षीस मिळालं होतं. गावात बांध न घातलेली एक घळ उरली नव्हती, आणि बांधाचे फोटो न पाहिलेला एक पाहुणा उरला नव्हता. विमानात शेजारी बसलेल्या जपानी म्हातारीनेही ते पाहिले, झोपेचं सोंग घेईपर्यंत.

पहिलं बेट झालं, दुसरं झालं. पाणी हिरवंनिळं, वाळू रव्यासारखी. जयराज मोबाईल उंच धरून बोलत होता, "मित्रांनो, स्वर्ग म्हणजे दुसरं काय असतं!" मागे धुळा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राकडे बघत होता.

"कसं वाटतंय धुळा? बोल की कॅमेऱ्यात."

"वाईट वाटतंय गड्या."

"आरं का?"

"येवढं पाणी, आन मातीचं एक भेंडं बी भिजायचं न्हाई."

तो तुकडा जयराजने काढून टाकला. तिसऱ्या बेटावर त्याने धुळाला विचारलंच नाही.

धबधबा शेवटच्या, मोठ्या बेटावर होता. जंगलातून चढून गेलं की काळ्या कातळावरून पांढरी धार उतरायची, खाली हिरवागार डोह. धार फार जाड नव्हती, पण फोटोत देखणी यायची. विचाई नावाचा तिथला वाटाड्या अभिमानाने म्हणाला, "ऑल इयर वॉटर, मिस्टर जय! नेव्हर स्टॉप!"

"बारमाही," जयराजने भाषांतर केलं.

"खाली कुठं जातं रं ह्ये?" धुळाने विचारलं.

"समुद्रात."

"सगळं?"

"मग काय बाटल्यात भरत्यात?"

धुळाचं तोंड शेजारच्याच्या विहिरीचं पाणी ओढ्याला जाताना बघितल्यासारखं झालं.

इकडे कोरेगावात खुर्च्या भरायला लागल्या होत्या. जयराजने काठीला मोबाईल लावला, गॉगल चढवला आणि मागे बघितलं तर धारेखाली जोतीराम पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर बनियन धूत होता, आणि धुळा कडेला बसून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी खात होता.

"आरं बाबांनो, थेट दाखवायचंय ह्ये! बाया बसल्यात पडद्याम्होरं! तुमी दोघं वर जावा. त्या धबधब्याच्या वर जाऊन बसा. मी हाक मारीस्तोवर खाली बघायचं बी न्हाई."

"वर काय करू?"

"काय बी करा. दिसू नका फक्त."

इथे जयराजची चूक झाली. माणदेशी माणसाला आणि पूल बांधणाऱ्या फौजीला एका ओढ्याकाठी रिकामं बसवून 'काय बी करा' म्हणू नये.

वर ओढा दोन मोठ्या कातळांमधून येत होता. मध्ये अंतर एखाद्या दारापेक्षा थोडं जास्त. मागे रुंद खोलगट. धुळाने एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि उठून उभा राहिला.

"जोत्या, जागा बघ. देवानंच आखून दिल्यागत हाय."

"फाउंडेशन चांगलं हाय," जोतीराम कातळ ठोकत म्हणाला. "पण तुला ओबडधोबड घालायचं आसंल तर मी न्हाई. रीतसर घालू."

"आपण कवा ओबडधोबड घातलाय? फोटो दावू का?"

"नको! दगड आण."

मोठे दगड खाली, लहान वर, फटीत केळीची पानं, त्यावर चिखल. जोतीराम हुकूम देत होता, धुळा ते न ऐकता बरोबर तेच करत होता. घामाने दोघं निथळले. गेल्या चार दिवसांत ही पहिली घटका होती जिच्यात दोघांनाही सहलीला आल्यासारखं वाटलं. मागे पाणी चढायला लागलं तेव्हा धुळाचे डोळे भरून आले.

खाली जयराज सुरू झाला होता.

"नमस्कार मंडळी! आवाज येतोय का?"

"येतोय," शिवांजली म्हणाली. "कार्यालय गच्च भरलंय. आबा म्हणत्यात, गॉगल काढ."

जयराजने गॉगल काढला. मग होडी, वाळू, माडाची झाडं, हॉटेलचा नाश्ता असं टिपून ठेवलेलं एकेक दाखवत, गिऱ्हाईक तापवत तापवत तो मुद्द्यावर आला. त्याची पाठ धबधब्याकडे होती.

"आणि आता मंडळी, ज्याच्यासाठी आपण इथं आलो. ठोसेघर पाऊस सरला की आटतं. पण हा धबधबा बारमाही! ऊन असो, उन्हाळा असो, पाणी कधी खंडत नाही! बघा..."

आणि त्याने मोबाईल फिरवला.

कातळ काळा होता. वरून एक करंगळीएवढी धार येत होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिचे थेंब झाले. नळ बंद केल्यावर तोटीला लोंबतो तसा शेवटचा थेंब थोडा वेळ लोंबला आणि पडला.

मंगल कार्यालयात माना पुढे झाल्या.

"ह्ये काय?" लालासाहेबांचा आवाज आला. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला असावा, कारण बेटावरच्या जंगलात तो घुमला. "ठोसेघरच दाखवतोय व्हय रं?"

कार्यालय हसून लोटपोट झालं. मागून एक बाई म्हणाली, "आवं, आमच्या नळाला बी येवढं येतं की!"

"मंडळी, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे," जयराज म्हणाला.

"नेटवर्क बराबर हाय," शिवांजली म्हणाली. "पाणी न्हाई."

शेजारी विचाईने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. "नेव्हर स्टॉप! माय ग्रँडफादर, नेव्हर स्टॉप!" डोहात उभे असलेले परदेशी प्रवासी वर बघत होते. एकाने छत्री मिटावी तसा कॅमेरा मिटला.

"आहो," शिवांजली हळू आवाजात म्हणाली, "नोंदणीच्या टेबलावरचे दोघं उठले. आबा खोऱ्याचं विचारायलेत."

विचाई वर धावला. त्याच्यामागे जयराज धावला. मोबाईलची काठी हातात तशीच होती. त्यामुळे कोरेगावच्या जनतेला आधी झाडं उलटी दिसली, मग आभाळ, मग जयराजच्या नाकपुड्या, आणि मग एकदम स्थिर, स्वच्छ चित्र आलं. दोन कातळांमध्ये सुबक दगडी बांध. मागे चढत चाललेलं पाणी. त्यात कंबरेएवढा धुळा, आणि बांधावर बनियन वाळत घातलेलं.

"धुळ्याऽऽ! काय क्येलंस ह्ये?"

"आरं, ये की! तुलाच बोलवणार हुतो. बघ कसं थोपलंय!"

"माझा धबधबा बंद पाडलास!"

"बंद कुठं? आडवलंय. वाया चाललं हुतं."

"ते वाया जाण्याचंच पैसं घेत्यात हितं! लोक ते वाया जाताना बघायला येत्यात!"

धुळाला हे वाक्य कळेना. त्याने जोतीरामकडे बघितलं. जोतीराम सावधान स्थितीत उभा होता, कारण पडद्यापलीकडे त्याचे सुभेदार बसलेले होते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

एवढ्यात मोबाईलमधून एक खरखरीत म्हातारा आवाज आला. "सांडवा कुठाय?"

"आं?" जयराज म्हणाला.

"जादा पाणी निघायला सांडवा ठेवलाय का न्हाई? मोबाईल जरा डावीकडं घे."

"ठेवलाय आण्णा!" धुळा ओरडला. "ह्यो बघा, डाव्या अंगाला."

"अरुंद हाय," दुसरा आवाज.

"फौजेचं काम हाय, टिकंल," तिसरा.

"पानं कशाची घातली? केळीची? कुजणार की!" चौथा आवाज बाईचा होता.

बघता बघता मंगल कार्यालयात दोन तट पडले. जे उठून चालले होते ते परत बसले, काही पडद्याजवळ जाऊन बोटांनी दाखवायला लागले. जयराज बेटं दाखवत होता तेव्हा ही माणसं माना डोलवत होती. आता ती भांडत होती, म्हणजे खरोखर बघत होती.

विचाईला मात्र पाणी हवं होतं. "ओपन! प्लीज, ओपन!" असं म्हणून त्याने बांधाला लाथ घालायला पाय उचलला. धुळा आडवा झाला.

"असं न्हाई पावणं! खाली डोहात माणसं हायती. एकदम सुटलं तर समुद्रात जातील. आदी त्यास्नी बाजूला करा. आन पाणी सोडायचं म्हणजे असंच का सोडत्यात?"

त्याने जोतीरामला खाली पिटाळलं. जोतीरामने फौजी आवाजात चार देशांच्या लोकांना डोहाबाहेर काढून ओळीत उभं केलं. तेवढ्यात धुळाने पडलेला एक नारळ उचलला, कातळावर सोलला, विचाईच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं. विचाई गोंधळला, पण नारळ आणि हात जोडणं त्याच्याही देशातलंच होतं. त्याने डोळे मिटले, पुटपुटला आणि नारळ फोडला. धुळाने पाण्यावर फुलं टाकली. मग मधला कळीचा दगड उपसला.

पाणी आधी कुजबुजलं. मग बांधाचं वरचं तोंड गेलं, आणि इतका वेळ कोंडलेला ओढा गर्जत कड्यावरून कोसळला. खाली काळ्या कातळावर पांढरा पडदा पसरला. रोजच्या धारेपेक्षा तिप्पट. तुषार माडांच्या शेंड्यांपर्यंत गेले. ओळीत उभे केलेले प्रवासी किंचाळले, नाचले.

जयराज कड्याच्या टोकाला, काठी खाली धरून भिजत उभा होता. पलीकडून आवाज आला तो त्याला आधी बिघाडच वाटला. कार्यालय उभं राहिलं होतं. शिट्ट्या वाजत होत्या. ज्यांनी जन्मभर कालव्याच्या पाण्याची वाट बघितली होती, ते म्हातारे "आलं! पाणी आलं!" म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटत होते. दोन बायकांनी पडद्यालाच ओवाळलं.

"आहो, ऐकू येतंय का?" शिवांजली ओरडत होती. "टेबल मोडायची पाळी आलीय! संघटना तर सगळीच येतीय, पण धुळाभावजींच्या गावचा कोणतरी पाव्हणा आला हुता, तो म्हणतोय त्यांची बी बस धरा."

"बस न्हाई गं, विमान!"

"ते तुमी बघा. पण समद्यांची एकच अट हाय."

"काय?"

"आयतं पडणारं पाणी नको म्हणत्यात. सोडलेलं पायजे."

जयराजने खाली बघितलं. विचाईभोवती ओल्या परदेश्यांचा घोळका जमला होता आणि ते बोटांनी विचारत होते, पुन्हा कधी? विचाई अत्यंत गंभीर चेहऱ्याने वर, धुळाकडे बोट दाखवत होता. धुळा त्यांच्यात उतरायला निघालाच होता, मोबाईलमधले फोटो उघडत.

"जिंकलो आपण," जयराज शिवांजलीला म्हणाला. "आबास्नी सांग. दुकान चालणार म्हणावं."

पलीकडे खुडबुड झाली. ध्वनिक्षेपकाचा हातबदल झाला.

"जयराज."

"आबा, पटलं का आता?"

"ते मागनं बघू. त्यो नारळ कुणी फोडला?"

"विचाईनं. हितला वाटाड्या हाय."

"वाटाड्यानं?" लालासाहेबांचा आवाज चढला. "मी येतोय. जलपूजन माझ्या हस्ते हुईल. फेटं हितनं आणतो, हार तिथं मिळतील का बघून ठेव."

"आबा, तुमी? हितं?"

"आन त्या विचाईला सांग, मी येईस्तोवर पाणी सोडायचं न्हाई."

जयराजने कड्याखाली बघितलं. बारमाही धबधबा धो धो कोसळत होता.

"व्हय आबा," तो म्हणाला.