नगाऱ्यापुढे करणे वाकले, त्याची हकीकत

श्री. ज्याने घंटेत स्वर ठेविला आणि घंटेवर गंजही ठेविला, त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सरी एक राज्य होते, त्याचे नाव घेण्याची आज्ञा नाही, सबब घेतले नाही. गादीवर भैरवराजे महाराज विराजमान होते. त्यांचे धाकटे बंधू केदारराजे. वडील महाराज कैलासवासी होते समयी त्यांनी उशाची तरवार उचलून धाकट्याच्या हाती दिली, हे मातुश्री आईसाहेबांनी पाहिले आणि भैरवराजांनीही पाहिले, आणि मग थोड्याच दिवसांत उभयता बंधू शिकारीस गेले आणि एकच परत आले. महाराजांनी दरबारात येऊन सांगितले की केदार कड्यावरून नदीत पडला, देह हाती लागला नाही. मोठा आकांत जाहला. आईसाहेबांनी अन्न वर्जिले. मग महाराजांचा हुकूम जाहला की बंधूचे दुःख राज्याने विसरू नये, म्हणोन बालेकिल्ल्यातील नौबतखान्याच्या तळघरात आठही प्रहर करणे फुंकावे, खंड पडू न द्यावा. करणा म्हणजे पुरुषभर लांबीचे पितळी वाद्य, त्याचा नाद खर्जाचा, कानाआधी पोटास कळावा ऐसा. करणेकरी पाळीपाळीने तळघरात बसत, आणि त्यांचे कान मेणाने बुजवावे असाही हुकूम होता. नाद एका रुंद दगडी मुखातून वर चौकात येई आणि तेथून शहरावर पसरे. लोक म्हणत, बंधुप्रेम असावे तर ऐसे. आणि ऐसी कित्येक वर्षे गेली.

नौबतखान्याचे हवालदार सटवोजी नाईक. देह स्थूल, बोलणे कमी, हात असा की मोठा नगारा त्यांनी ठोकला म्हणजे नदीपलीकडची गुरे माना वर करीत. शहराच्या वेशी नगाऱ्यावर उघडत आणि नगाऱ्यावर मिटत. परंतु करणे सुरू जाहल्यापासून नगाऱ्याचा ठोका त्या नादात बुडू लागला, आणि एके दिवशी तिन्हीसांजेस उत्तरवेशीच्या पहारेकऱ्यांस तो ऐकूच आला नाही, वेस उघडी राहिली, आणि पेंढारी घोड्यांसकट आत शिरले. बाजार जळाला, माणसे कापली गेली. सटवोजींची थोरली बहीण त्या बाजारात बांगड्या विकीत असे, ती सापडली नाही. दुसरे दिवशी सटवोजी आपण होऊन महाराजांपुढे उभे राहिले.

"नगारा मोठा करा," महाराज बोलिले.

"मोठा करून पाहिला, महाराज. दोन्ही नाद एकाच खर्जाचे. एकाच दारातून दोन दांडगे गडी एकदम शिरू पाहतात, तैसे होते. दोघेही अडकतात. दोघांस आणखी बळ दिले तर चौकट मोडेल, शिरणार कोणीच नाही."

"मग करणे बंद करू म्हणता? ते होणे नाही."

"बंद नको. नगारा बोलेल तेवढ्यापुरते करण्यांनी वाकावे, आणि तो बोलून जाहला की पुन्हा उभे राहावे. ऐकणाऱ्यास वाटेल की करणे थांबलेच नाहीत."

महाराजांनी मान वळविली. त्यांची नजर चौकातील दगडी मुखावर होती. मग म्हणाले, "किती वाकावे?"

"जितकी गरज तितके."

"थोडेच. आणि लागलीच उठावे."

मग सटवोजींनी सुतार आणि चांभार बोलाविले आणि त्या दगडी मुखावर चामड्याने मढविलेली एक लाकडी झडप बसविली, आणि नगाऱ्याच्या कातड्यापासून एक ताणलेली तात झडपेच्या खटक्यापर्यंत नेली. नगारा हळू थोपटला तर तात हलत नसे. पुरता ठोका पडला म्हणजेच खटका निघे आणि झडप आपल्या वजनाने मुखावर पडे. वजन वाढविले तर नाद अधिक दबे, कमी केले तर कमी. झडपेस पाण्याची एक पखाल बांधिली होती, तिचे पाणी गळून जाई तसतशी झडप पलीकडच्या धोंड्याच्या ओढीने वर येई, आणि वर आली की पन्हळीखाली पखाल पुन्हा भरे, म्हणोन पखालीचे भोक मोठे केले तर नाद झटकन उठे आणि लहान केले तर सावकाश. पहिल्या दिवशी भोक मोठे राहिले, तो करण्यांचा नाद आचके देऊ लागला, मरणाऱ्या माणसाने द्यावे तैसे, आणि चौकातील बायका कानावर हात ठेवून घरी गेल्या. मग सटवोजींनी मेणाने भोक बारीक केले, कान देऊन ऐकिले, पुन्हा बारीक केले, आणि तेव्हा कोठे ठोका स्वच्छ निघू लागला, आणि त्याच्यामागे नाद असा वाकून असा उठे की झडपेचे कोणास कळू नये. उत्तरवेशीवरून निरोप आला की नगारा शेजारी वाजल्यागत ऐकू येतो. सटवोजी त्या दिवशी प्रथमच बहिणीच्या घरासमोरून मान वर करून गेले.

परंतु मग एक गोष्ट घडू लागली. वेशी उघडताना आणि मिटताना नगारा बराच वेळ वाजे, आणि तेवढ्या वेळात तो खर्ज ठोक्यासरसा खाली बसे आणि पुन्हा वर येई, खाली बसे आणि वर येई, आणि लोकांस वाटू लागले की बालेकिल्ला श्वास घेतो. जात्यावरच्या बायकांचे हात त्या लयीत फिरू लागले. पाळण्यातली मुले त्या लयीत निजू लागली. एका कासाराने सांगितले की मी भाता ओढीत नव्हतो तरी भाता ओढला जात होता. कोणी हसले नाही. आणि जो तो म्हणू लागला की नाद खाली बसतो तेव्हा तेथे कोणीतरी बसलेले असते.

एके दिवशी दुपारी आईसाहेब एकट्याच नौबतखान्याचा जिना चढून आल्या. सटवोजींनी मुजरा केला.

"ठोका," आईसाहेब म्हणाल्या.

सटवोजींनी ठोका दिला.

"पुन्हा. थांबू नका. काय ऐकू आले?"

"नगारा, आईसाहेब."

"नगाऱ्याच्या मागून?"

मग सटवोजींनी हात चालू ठेवून कान मात्र खाली चौकात सोडिला. ठोका पडला, करणे वाकले, आणि त्या वाकण्यात, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावे तैसे एक अक्षर आले. आ. करणे उठले, त्यांनी ते झाकिले. दुसरा ठोका. ई. तिसरा. मी. पुढे आ, आणि पुढे हे. मग पुन्हा पहिल्यापासून. आई, मी आहे. एकही ठोका चुकत नव्हता. सटवोजींच्या हातातून टिपरू गळाले.

"पिशाच्च असेल, आईसाहेब."

"असेल. पण आवाज माझ्या केदारचा आहे. मेला असेल तर सांगावयास आला आहे, जिता असेल तर बोलावतो आहे. सटवोजी, हे ऐकून मला जिना उतरवेनासा झाला आहे. तुम्ही पाहून या."

मग सटवोजी चौकात उतरले आणि भिंतीच्या कडेकडेने चालले, तो दगडी मुखापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या पायथ्याशी गवताने झाकलेले, वीतभर रुंदीचे एक लोखंडी जाळीचे धारे, म्हणजे तळघरास हवा जाण्याचे भोक, दिसले. त्यांनी त्यावर तळवा ठेविला. आतून ऊब येत होती. त्यांनी वर नौबतखान्यातील चाकरास खूण करून ठोका देवविला, आणि करणे वाकताच तळव्यावर ओलसर फुंकर आली, जिवंत माणसाच्या तोंडची. हात मागे घ्यावा तो समोर महाराज उभे. महाराजांच्या हाती झाकलेले ताट होते. संगती हुजऱ्या नव्हता, मशालजी नव्हता. राज्याचा धनी स्वहस्ते ताट घेऊन तळघराच्या वाटेने निघाला होता.

ताटातील भातास वाफ येत होती.

"झडप फार सावकाश उठते," महाराज म्हणाले. "मी सांगितले होते, लागलीच उठावी. उद्या काढूनच टाका."

"दसरा तोंडावर आहे महाराज, परमुलखाचे लोक येणार. वेशीस ठोका ऐकू न आला तर..."

"मग दसऱ्यापर्यंत राहू द्या. पण भोक मोठे करा. आजच." आणि महाराज जिना उतरून गेले.

सटवोजींनी भिऊन तैसे केले, आणि पाहिले ते आईसाहेबांस सांगावयासही गेले नाहीत. आणि मग रोज ठोका दिला की चौकातून अर्धे अक्षर येई आणि तुटे, अर्धे येई आणि तुटे, जसे बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी हात दाबावा. तो हात आपला, हे सटवोजींस कळे. आईसाहेब खिडकीत बसून नौबतखान्याकडे पाहत आणि निरोप धाडीत नसत. तो निरोप न येणे सटवोजींस सोसवेना. त्यांनी मनाशी म्हटले की वेस उघडी राहिली तेव्हा दोष करण्यांचा होता, आता हे तोंड मिटले तर दोष माझा.

मग आश्विन शुद्ध दशमी आली. चौकात दरबार भरला, सरदार, शिलेदार, परमुलखीचे वकील, आणि चिकाच्या पडद्याआड आईसाहेब. शमीपूजनाचा ठोका द्यावयाचा होता. सटवोजींनी सकाळीच झडपेवर दुप्पट वजन चढविले होते आणि पखालीचे भोक मेणाने पुरते बुजविले होते. त्यांनी ठोका दिला. झडप पडली आणि पडूनच राहिली. इतक्या वर्षांत प्रथमच त्या चौकात काही वाजत नव्हते. घोड्यांनी कान टवकारिले. कोणाच्या तरी हातातील आपट्याची पाने खाली पडली, तीही ऐकू आली. आणि भिंतीच्या पायथ्याकडून आवाज आला, "मी."

आणि पुढे काही आले नाही. आतल्यास एका ठोक्यास एकच अक्षर बोलण्याची सवय लागली होती. सारे मैदान मोकळे होते तरी तो दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिला.

महाराज आसनावरून उठले. "यंत्र बिघडले आहे," ते हसून म्हणाले. "करणे वाजू द्या. त्या माणसास खाली आणा." भालाईत जिन्याकडे धावले. सटवोजींनी त्यांची पावले ऐकली आणि टिपरू उचलिले आणि ठोका दिला. के. दुसरा दिला. दा. भालाईत मधल्या पायरीवर आले, तो तिसरा. र. चौथ्यास सटवोजींचा हात धरिला, परंतु तोवर वृद्ध सेनापती, ज्यांनी केदारराजांस पहिल्या घोड्यावर बसविले होते, ते चौकात मधोमध येऊन उभे राहिले आणि ओरडले, "सोडा त्याचा हात! ठोकू दे!" मग सटवोजी ठोकीत गेले आणि भिंत बोलत गेली. रा. जे. पडद्याआडून आईसाहेब उघड्या डोक्याने बाहेर आल्या आणि धाऱ्यापाशी जमिनीवर आडव्या जाहल्या आणि जाळीत तोंड घालून म्हणाल्या, "थांब बाळा, आता दमू नको."

भिंत फोडिली. आत केदारराजे. दाढी पांढरी, छातीपर्यंत, डोळे मिटलेले. एक तळवा भिंतीस लावलेला होता, त्या तळव्याने ते दगडातून नगारा ओळखीत, आणि तेवढी जागा आरशासारखी गुळगुळीत जाहली होती. सेनापतींनी भैरवराजांकडे वळून एकच विचारिले, "का?" तेव्हा भैरवराजे म्हणाले, "मला तो मारवला नाही. आणि तो हाका मारी, त्या ऐकवल्या नाहीत." कोणी त्यांस हात लाविला नाही, तरी ते आपण होऊन खाली बसले.

मग करणे कायमचे बंद जाहले आणि केदारराजे गादीवर बसले. परंतु ठोक्यावाचून त्यांस बोलता येईना. वैद्य जाहले, देवऋषी जाहले, उपाय चालला नाही. म्हणोन सटवोजींनी लहान नगारा घेऊन गादीजवळ बसावे आणि एकेका ठोक्यास राजांनी एकेक अक्षर बोलावे, ऐसा परिपाठ पडला. भैरवराजांस कोठडीत घालावे असे सरदारांनी म्हटले, तो आईसाहेब म्हणाल्या, "एक लेक भिंतीतून काढला, दुसरा घालू देणार नाही." म्हणोन ते त्याच महालात भावाच्या डाव्या हातास बसत. आणि करणे थांबले त्या दिवसापासून भैरवराजांच्या गळ्यातून एक खर्ज निघू लागला, बारीक, अखंड, जेवताना आणि निजतानाही. ते मुद्दाम करीत नव्हते, त्यांस शांतता सोसत नसे इतकेच. सटवोजींनी ठोका दिला की तो खर्ज थांबे, आणि त्या थांबण्यात केदारराजे आपले अक्षर उच्चारीत, आणि अक्षर संपले की खर्ज पुन्हा उठे. परमुलखीचे वकील हे पाहून काम अर्धे ठेवून निघून जात. सटवोजी शेवटपर्यंत ठोका देत राहिले. एकदा त्यांनी आईसाहेबांस म्हटले, "मी झडप काढली, पण ती ह्या दोघांत जाऊन बसली." आईसाहेबांनी दोघांच्या पाठीवरून हात फिरविला.

येणेप्रमाणे उभयता बंधूंनी राज्य केले, एकाने बोलून आणि एकाने थांबून. निवाडे फार सावकाश होत, परंतु एकही उलटा जाहला नाही. पाऊसपाणी ठीक होते, वेशी वेळेवर मिटत, प्रजा सुखी होती. फक्त त्या शहरात कोणी मोठ्याने बोलत नसे. जाहले ते इतुके, लिहिले तेही इतुकेच.