सातव्या महिन्यातली हिरडी

गर्भवती स्त्री ही संपूर्ण कुटुंबाची जबाबदारी असते; त्यामुळे तिला स्वतःला त्यात फारसं काम उरत नाही.

आमच्या वहिनी इमारतींच्या लिफ्ट तपासतात. त्यांना दिवस गेल्याचं कळताच घरात तातडीने समिती नेमण्यात आली: अध्यक्ष आई, सचिव दादा, सल्लागार काका (यांना मूलबाळ नाही, म्हणून मत निःपक्षपाती). सातव्या महिन्यापर्यंत समितीने वहिनींच्या पोटाबाबत चारशे बारा सूचना दिल्या. तोंडाबाबत एकच दिली: ते बंद ठेवावं.

त्याच तोंडात डावीकडची हिरडी सुजली. वहिनींनी सांगून पाहिलं.

"बाळासमोर दुखण्याचं बोलू नये," आई म्हणाली.

दादाने लगेच भिंतीवर हसऱ्या बाळाचं आणखी एक चित्र लावलं (एकूण एकोणीस). चौथ्या दिवशी ताप भरला. तो आनंदाचा असल्याचं निदान काकांनी केलं.

पाचव्या दिवशी वहिनींनी कामावरची 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी खोलीच्या दाराला अडकवली आणि तडक दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. समिती मागोमाग पोचली.

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, गरोदरपणात चालतील अशी औषधं लिहिली आणि समितीकडे वळल्या. "हिरडीतला संसर्ग वाढला की अंगभर दाह होऊ शकतो. वार त्यातून सुटेलच असं नाही."

"कुठला वार?" काकांनी खिशातलं कॅलेंडर काढलं.

"आईकडून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवते ती वार. ती सुजली तर बाळाची वाढ खुंटू शकते, ते वेळेआधी येऊ शकतं. म्हणून आधी आईला बरं करायचं."

"मला काय झालंय?" आईने विचारलं.

दादा मात्र पांढराफटक पडला. "चार दिवस सांगत होतीस तू," तो वहिनींना म्हणाला. वहिनींच्या तोंडात कापूस होता. त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. समितीने पहिल्यांदाच एकही सूचना केली नाही.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. वजन तीन किलो शंभर ग्रॅम, आवाज दोन मजले खाली जाईल असा. एकेचाळीस माणसं भेटून गेली. नाक कोणावर गेलंय यावर मतदान झालं (काका एका मताने विजयी, ते मत त्यांचंच).

वजन वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. वहिनींचा ताप उतरला की नाही, हे मी सांगितलेलं नाही. तुमची काही हरकतही दिसली नाही.