साडेबावन्न तोळ्यांचा मालदार

चांदी उजळून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो. चांदी काळीच राहू दे म्हणून भांडणारा माणूस उभ्या जन्मात एकच बघितला. आमच्या गल्लीतले महेबूबचाचा पिंजारी.

"आप्पा, रिठा-बिठा लावू नको हां! उजळलं की गुंजभर झिजतंय. माझं भागत न्हाई त्याच्यात."

लातुरात माझं सराफीचं लहानसं दुकान, समोर चाचांचं घर. मूलबाळ नाही. रजियाचाची वारल्या, त्यांचे तोडे, साखळ्या आणि कंबरपट्टा तेवढा मागं राहिला. दर साली रमजानच्या तोंडावर चाचा ते फडक्यात बांधून आणायचे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "वजन कर. जकात काढायची हाय."

मी म्हटलं, "मग नाक्यावर जा की! आणि घरातल्या चांदीवर कसली आलीय जकात? नगरपालिकेचं डोकं फिरलं का?" माझा स्वभाव तापट. तिथल्या तिथं कागद घेऊन मुख्याधिकाऱ्याच्या नावानं तक्रार लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर बघतो तर चाचा माझ्याच गादीवर लोळून हसत होते.

"अरे येड्या, ही नाक्यावरची न्हाई, अल्लाची जकात! साडेबावन्न तोळे चांदी, न्हाईतर तेवढा ऐवज, कर्जपाणी वजा जाऊन सालभर ज्याच्याकडं टिकला, तो मालदार. त्यानं चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा. उपकार न्हाई, हक्क हाय त्याचा. त्याच्याखाली जो हाय, त्यानं घेतलं तर चालतंय."

चाचांची चांदी भरायची साडेबावन्न तोळे आणि वर दोन गुंजा! एवढा काठावरचा मालदार अख्ख्या लातुरात नसेल. सदऱ्याला तीन ठिगळं, पायात टायरची चप्पल, आणि काटा स्थिर झाला की छाती फुगवून म्हणायचे, "औंदाबी देनारा!" मी चिडवायचो, "शेटजी, मोटार कुठं लावली?" ते म्हणायचे, "जळतोस तू."

मग सत्ताविसाव्या रोज्याला त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या पाच-सहा गरीब बायका यायच्या. चाचा प्रत्येकीला बसवून घ्यायचे. पोरीचं जमलं का, गुडघा कसा हाय, सासू बोलती का नीट? मुठीत द्यायचे दहा-पंधरा रुपये आणि चौकशी अर्धा तास. 'जकात' हा शब्द मात्र तोंडातून काढायचे नाहीत. "ईदी समज," म्हणायचे, म्हणजे सणाची भेट. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यांचा कायदा.

पुढं लातूर जिल्हा झाला. आम्ही पेढे वाटले. कलेक्टर आला आणि पाऊस गेला, असं लोक म्हणायला लागले. दुसऱ्या सालीही कापूस जळाला. नवे साहेब लोक आले ते फोमच्या गाद्या घेऊन. चाचांची कापूस पिंजायची कमान खुंटीला लागली. प्यायच्या पाण्याला जिथं पैसे पडत होते, तिथं गादी पिंजून कोण घेतंय?

त्या साली रमजान आला तरी चाचा आले नाहीत. शेवटी मीच हाक मारली. फडकं सोडलं तर एक तोडा गायब. दुसऱ्या सराफाकडं मोडला होता! मला राग आला, पण त्यांच्या तोंडाकडं बघून गिळला. काटा पन्नासाच्याही खाली गेला. आमच्या धंद्यात अंगठ्याला फार अक्कल असते. मी चांदीचं पारडं हळूच दाबलं आणि म्हटलं, "साडेबावन्न आणि वर दोन गुंजा! औंदाबी देणारे, चाचा."

"अंगठा काढ, आप्पा."

मी काढला.

"घ्यायची शरम न्हाई मला. शरियतमधे हाय ते," चाचा म्हणाले. "पण देनारा होतो म्हणून दारात माणूस यायचं रे. आता कोन येईल?"

चहा मागवणार होतो, तर त्यांचा रोजा. फडकं बांधून दिलं.

सत्ताविसावा रोजा गेला. ओसरीवर कुणी दिसलं नाही. बायकांनाही कळलं असणार. देणाऱ्याला कशाला लाजवायचं, म्हणून त्या आल्या नसाव्यात.

ईदच्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून गेलो. चाचांनी भलंमोठं पातेलंभर शिरखुर्मा केला होता, पाणीदार, पण दहा माणसांचा. दोनच वाट्या उष्ट्या होत्या.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कापडवाल्या शेटचा मुनीम. पाकीट देऊन गेला. म्हणला, शेटनं ईदी पाठवली." चाचा हसले. "मला शिकवतो! मीच सांगत आलो की जन्मभर, ईदी समज म्हणून."

"मग घेतलंत?"

"घेतलं."

चाचांनी माझ्यापुढं वाटी सरकवली.

"नको म्हणलो असतो तर उंबऱ्यावरूनच गेला असता, आप्पा. घेतलं, म्हणून आत आला. खाल्लं त्यानं. रजियाची कब्र कुठं हाय, विचारलं." मग बोटांवर हिशेब केल्यासारखं करून म्हणाले, "पाव घंटा बसला असंल. जास्तच."