दोन तासांची गरिबी

"म्या मनात आनलं ना, तं यवतमाळची बदली काय, अख्खं यवतमाळ इथं आनून ठेवीन!" असं प्रफुल्ल चहाच्या टपरीवर रोज सांगायचा. ऐकणारे चहा संपेपर्यंत माना डोलवायचे, कारण चहाचे पैसे तोच द्यायचा.

वणीचा हा गडी घाटंजीकडच्या खेड्यांत एका संस्थेचं काम बघायचा. संस्था नफा न कमावणारी. बायकांच्या गटांना शेळ्या, शिलाई मशीन, बारक्यासारक्या धंद्यांसाठी कर्ज देणारी. फटफटीवर आदळून आदळून प्रफुल्लच्या कमरेचा पार भुगा झाला होता. आता त्याला यवतमाळच्या कार्यालयातली फिरती खुर्ची पाहिजे होती, आणि ती द्यायची की नाही हे पुण्याहून येणाऱ्या समीक्षा मॅडम ठरवणार होत्या.

मॅडमना हवी होती एक यशोगाथा. फोटो दोन: कर्जाआधीचा आणि कर्जानंतरचा. 'नंतर'ची काही काळजीच नव्हती! पंचफुलाबाईनं कर्ज घेऊन बिछायत केंद्र, म्हणजे लग्नकार्याला गंज-पातेली, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं द्यायचं दुकान, काढलं होतं. आसपासच्या गावांत तिच्या गंजांशिवाय भात शिजत नव्हता आणि तिच्या खुर्च्यांशिवाय पाहुणा बसत नव्हता. घरात फ्रिज आला, कूलर आला. पण 'आधी'चा फोटो? चेक दिला त्या दिवशी काढला होता खरा. त्यात प्रफुल्ल होता, त्याचा गॉगल होता, चेक होता आणि पंचफुलाबाईचं कोपर होतं!

प्रफुल्ल डगमगला नाही. डगमगण्याइतका विचार तो करतच नसे.

"जयभीम, पंचफुलाताई! उद्या सकाळी तुमाले दोन तास गरीब व्हा लागते."

"काहून बाप्पा? मी श्रीमंत कधी झालती?"

"घर खाली करू, फोटो काढू, सामान वापस! मॅडम दुपारी येतीन तवा सगळं जागच्या जागी!"

"अन् परवा विठ्ठलरावच्या पोरीचं लगन हाये. माहे गंज वेळेवर नाई पोचले तं बिछायतीचं नाव मातीत जाईन ना!"

"जबाबदारी माही!"

जबाबदारी घ्यायची प्रफुल्लला भारी हौस. निभवायची तेवढी सवय नव्हती.

सकाळी टेम्पोवाल्या उकंडाचा छोटा हत्ती दारात लागला. संस्थेचं निळं जाकीट घालून प्रफुल्ल भर रस्त्यावर ओरडत होता, "उचला! कूलर घ्या! चमचा सुद्धा ठेवू नोका!" गाडी भरली. "नाल्यापाशी उभा राह्य, अन् फोन केल्याशिवाय येऊ नोको," असं बजावून त्यानं उकंडाला पिटाळलं.

आत पंचफुलाबाई फाटकं लुगडं नेसून उघड्या जमिनीवर बसली.

"ताई, जरा रडल्यावानी करा."

"साहेब, हे असं बसून मले तं हासू येऊन राह्यलं!"

शेवटी कसाबसा फोटो निघाला. इतका भिकार निघाला की प्रफुल्लच्याच डोळ्यांत पाणी आलं!

इकडे समोरच्या घरातून पंचफुलाबाईच्याच गटातल्या ममतानं सगळं पाहिलं होतं. निळं जाकीट, आरडाओरडा, भरलेली गाडी! "संस्थेनं पंचफुलाचं घर धुऊन नेलं वो!" तिनं बोंब ठोकली. आता संस्थेचा नियम असा, की गटातल्या एका बाईचे हप्ते थकले की तिचं कर्ज बाकीच्यांनी भरायचं. म्हणजे पुढचा नंबर आपलाच! ममतानं शिलाई मशीन कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली दडवली. इंदुताईनं शेळ्या रानात हाकलल्या. त्यांचं बघून दुसऱ्या गटांनीही सामान दडवलं. कोणाचा टीव्ही धान्याच्या कणगीत, कोणाचा मिक्सर कोंबड्यांच्या खुराड्यात. बघता बघता सारं गाव पुसून काढल्यासारखं मोकळं झालं.

विठ्ठलरावांना बातमी लागली तेव्हा ते आमंत्रणं वाटत होते. ते तसेच ट्रॅक्टर घेऊन निघाले. नाल्यापाशी झाडाखाली उकंडा घोरत होता.

"माही पोरगी उद्या मांडवात उभी राह्यते, अन् तू गंज घेऊन झोपून राह्यला बे?"

त्यांनी गंज नेले. मागून आलेल्यांनी आपापल्या लग्नांच्या खुर्च्या नेल्या, सतरंज्या नेल्या. फ्रिज कोणीच सांगून ठेवला नव्हता, तरी तोही गेला!

प्रफुल्ल फोन लावून लावून थकला. नाल्यापाशी रेंज कुठली! धावत पोचला तर गाडी रिकामी.

"अरे, सामान कुठं हाये?"

"लोकायनं नेलं. म्या अडवलं, पन कोनी आयकलं नाई."

"मंग मले येऊन सांगा लागत होतं ना!"

"तुमीच म्हनलं ना, फोन आल्याबिगर येऊ नोको! नाई आलो."

प्रफुल्ल कपाळ बडवत परतला, तर मॅडमची गाडी दारात! मॅडम उघड्याबोडक्या घराकडे बघत उभ्या होत्या.

"ही आपली यशस्वी लाभार्थी?"

"मॅडम, हे कर्जाच्या आधीचं आहे."

"पण कर्ज देऊन तर वर्षं झाली!"

"हो मॅडम. पण आधीचं आज आहे. नंतरचं सकाळपर्यंत होतं!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. प्रफुल्लनं घाईघाईनं त्यांना ममताकडे नेलं. "ममताताई, मशीन दाखवा!"

"कायची मशीन? म्या तं सुई बी पाह्यली नाई!"

"इंदुताई, तुमच्या शेळ्या?"

"शेळी? थे काय राह्यते बाप्पा?"

मॅडमनी रुमाल काढून डोळे टिपले.

"प्रफुल्ल, आम्ही उगाच सुखी गावांत पैसा घालत होतो. खरी गरिबी दाखवायची हिंमत आजवर एकाही कार्यकर्त्यानं केली नाही!"

प्रफुल्लला फिरती खुर्ची डोळ्यांपुढे दिसली. हळूच गिरकीसुद्धा घेतली तिनं.

"यवतमाळला बसून असल्या गावाचं दुःख कळायचं नाही."

"अगदी खरं मॅडम!" तो आनंदानं म्हणाला.

"म्हणून तुम्ही आता इथेच राहायचं. याच गावात! गाव वर येईपर्यंत बदली नाही."

मॅडमची गाडी गेली. संध्याकाळपर्यंत मशीन पऱ्हाटीखालून निघाली, शेळ्या रानातून आल्या, फ्रिज-कूलर पंचफुलाबाईकडे परतले. विठ्ठलरावांच्या मांडवात गंज वेळेवर चढले आणि पंचफुलाबाईचं नाव राहिलं. प्रफुल्लला मात्र गावात एक रिकामी खोली मिळाली. खाट, गादी आणि कूलर भाड्यानं मागायला तो पंचफुलाबाईच्या दारी आला.

"देते ना, साहेब. पन एकट्याले मी देत नाई. चार जनं आना, एकमेकाले जामीन राहा. नियम हाये."

"ताई, माह्यावर तुमचा भरवसा नाई काय?"

"माहा सोडा वो. गावात कोनाचा हाये, थे पाहा."

प्रफुल्ल अख्खं गाव फिरून आला. ज्यांना रोज चहा पाजला त्यांनीही मान डोलावली नाही. सध्या तो जमिनीवर झोपतो.