बॉबिनची चाचपणी

घरी शिकणाऱ्या मुलांनी प्रमाणित चाचणी द्यावी की देऊ नये, हे ठरवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. समितीला चहाबरोबर दोन प्रकारची बिस्किटं मंजूर असल्यामुळे प्रश्न अत्यंत गुंतागुंतीचा असल्याचं पहिल्याच बैठकीत एकमताने मान्य झालं. मग घरी शिकणाऱ्या मुलांचा शोध सुरू झाला, तेव्हा सबंध शहरात असं एकच मूल सापडलं. ते म्हणजे एका शिंप्याची नऊ वर्षांची मुलगी. शिवणयंत्रात गरगरणाऱ्या दोऱ्याच्या रिळासारखी एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे घरात तिला बॉबिन म्हणत.

बॉबिनला शाळेतून काढलं त्यामागे काही थोर विचार वगैरे नव्हता. दोन वर्षं ती शाळेत गेली आणि दोन्ही वर्षं तिने तिथे तोंड उघडलं नाही. घरी ठेवली, आणि महिन्याभरात बापाचे कान किटले. कापड बेतायच्या टेबलाखाली पालथी पडून ती पुस्तकं वाचायची आणि तिथूनच विचारायची, "बाबा, बायकांच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला का?" शिंप्याच्या तोंडात टाचण्या असायच्या. त्या काढून तो म्हणायचा, "कुणास ठाऊक. शोधू या." संध्याकाळी आई इस्पितळातली पाळी संपवून यायची आणि पाय चेपून घेता घेता पाढे म्हणवून घ्यायची. एवढीच त्यांची शाळा होती.

समितीचं बोलावणं आलं तशी शिंप्याने हातातली कात्री खाली ठेवली.

"अहो, देऊ दे की चाचणी," बायको म्हणाली. "पोर हुशार आहे आपली."

"आणि कमी पडली तर? परत शाळेत घाला म्हणतील."

"मग घालू."

"मग परत मुकी होईल," शिंपी म्हणाला.

समितीचे अध्यक्ष निवृत्त शाळा तपासनीस होते. त्यांची पँट कमरेत ढगळ आणि लांबीला आखूड होती. शिंप्याची नजर सारखी तिथेच जात होती. शेजारी एक मानसतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. त्या बोलण्याआधी डोळे मिटून घेत.

"घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या मुलीने चाचणी द्यावी असं आमचं मुळीच म्हणणं नाही. द्यावी की नाही, एवढंच ठरवायचंय. त्यासाठी तिला आधी एक चाचणी द्यावी लागेल."

"म्हणजे चाचणी द्यायची का, ते ठरवायला चाचणी?"

"ही चाचणी नव्हे, चाचपणी. प्रश्नपत्रिका तीच असते."

बाईंनी डोळे मिटले. "मूल जिथे शिकतं तिथेच त्याला तपासलं पाहिजे. मी तिच्यावर अन्याय होऊ देणार नाही. चाचपणी घरीच होईल."

शिंप्याला बाई देवमाणूस वाटल्या. तो पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून घरी आला.

दुसऱ्या दिवशी घर तपासायला माणसं आली. चाचणी प्रमाणित, म्हणजे जागाही प्रमाणित हवी. इथेच घोडं पेंड खात होतं. शिंप्याच्या पुढच्या खोलीत फळा नव्हता, घंटा नव्हती आणि खिडकीतून चक्क बाहेरचं दिसत होतं. फळा लागला, घंटा टांगली, खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासला. टेबलाखाली पालथं पडून उत्तरं लिहिण्याची नियमांत तरतूद नव्हती, म्हणून टेबल गेलं आणि बाक आला. शिवणयंत्राचा आवाज होतो म्हणून यंत्र जिन्यात गेलं.

मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की एकट्या मुलीची सरासरी निघत नाही. "अहो, ती पहिलीही तीच येणार आणि शेवटचीही तीच. याला काही अर्थ आहे का?" तेव्हा तुलनेसाठी जवळच्या शाळेतली तीस मुलं शिंप्याच्या घरी पाठवायचं ठरलं. परक्या घरात मुलं बुजतील असं मानसतज्ज्ञ बाईंनी डोळे मिटून सांगितलं. म्हणून त्यांना सवय व्हावी यासाठी दोन महिने आधीपासूनच रोज पाठवण्यात आलं. मुलं दंगा करतील म्हणून बरोबर मास्तर आले. मास्तर आयतेच आलेत तर शिकवतील, म्हणून वेळापत्रक लागलं. पलंग भिंतीला उभा टेकवला. वेगळी दिसू नये म्हणून बॉबिनला गणवेश सांगितला, आणि तो जिन्यात बसून तिच्या बापानेच शिवला.

बॉबिन शेवटच्या बाकावर बसू लागली. पहिल्या आठवड्यात तिने बटणांबद्दल विचारलं. मास्तर म्हणाले, "ते आपल्याला नाही." दुसऱ्या आठवड्यात तिने काहीच विचारलं नाही. एका दुपारी ती जिन्यातून वर आली आणि आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून हात पुढे करून म्हणाली, "आत येऊ का?" शिंप्याने ते ऐकलं आणि त्याचा पाय यंत्रावरच थांबला. त्याला रडू आलं. जिन्यातून गिऱ्हाइकं येत-जात होती, त्यांनी पाहिलं तरी त्याला लाज वाटली नाही.

चाचपणी झाली. समितीने निर्णय दिला. सदर मुलगी तीस मुलांसोबत, मास्तरांच्या हाताखाली, गणवेशात आणि घंटेवर शिकत असल्याचं आढळून आल्याने ती घरी शिकते असं म्हणता येत नाही. सबब घरी शिकणारं एकही मूल शहरात उरलेलं नसून प्रश्न निकाली निघाला आहे.

"पण साहेब, ही सगळी मुलं आता परत जातील ना?" शिंप्याने विचारलं.

अध्यक्ष ओशाळले. "कशी जातील? दोन महिने ती एका शिंप्याच्या घरी शिकताहेत. तीस मुलं घरी शिकतात, ही फार गंभीर बाब आहे. त्यांनी चाचणी द्यावी की नाही, यासाठी नवी समिती नेमलीय."

"अध्यक्ष कोण?"

"मीच. आणि हो, ही पँट जरा बघता का? मला तयार मापाचं कधी बसतच नाही."

शिंप्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि खिशातून टेप काढली.

तीस मुलं शिंप्याच्या घरी अडकल्यामुळे शाळेतला एक वर्ग रिकामा पडला होता. शिंप्याने यंत्र डोक्यावर घेतलं, बॉबिनचं बोट धरलं आणि तिथे जाऊन बस्तान बसवलं. त्याला कुणी हटकलं नाही, कारण रिकामा वर्ग कुणाच्याच अखत्यारीत येत नव्हता. पहिले काही दिवस बॉबिन बाकावर हाताची घडी घालून बसली. एका सकाळी ती बाकाखाली शिरली, आणि दुपारी तिथून आवाज आला, "बाबा, खडू पांढरा सापडला म्हणून फळा काळा केला, की फळा काळा होता म्हणून खडू पांढरा घेतला?" शिंप्याने टाचण्या काढल्या. "कुणास ठाऊक," तो म्हणाला. "शोधू या."

हल्ली गिऱ्हाइकं कपडे टाकायला शाळेतच जातात आणि माप देता देता शिंपी त्यांना ही हकीकत सांगतो. गिऱ्हाइकं पोट धरून हसतात, समितीला नावं ठेवतात, पोरीचे काय ते हाल म्हणून हळहळतातही. मग बाहेर पडताना दारात घोटाळतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "बाकी काही असो, त्या चाचपणीत मार्क किती पडले हो तिला?"

तेव्हा शिंपी टाचण्या तोंडात धरतो. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही. तुम्ही विचारलंत तरी तो तेच करील, आणि तो प्रश्न तुमच्या ओठांवर केव्हाचा आलेला आहे.