सीनेपलीकडचा माळ

ढगाला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी गणपतराव फोटोवाले. काळ्या फडक्यात डोकं खुपसून ते उभे असत. सूर्यावर ढगाचं एखादं चिरगूट आलं की आतूनच ओरडत, “अहो, सरका की जरा! माणसं खोळंबलीत!”

खोळंबलेली माणसं म्हणजे मी एकटाच.

मी बदली होऊन सोलापूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “मास्तर, इतिहास शिकवता ना? मग लढाईचं मैदान पाहिलंय का कधी?” मी नाही म्हणालो आणि तिथंच फसलो. तेव्हापासून माझे रविवार माझे राहिले नाहीत.

सीना नदीपलीकडे एक उघडा माळ होता. आदिलशाही आणि निजामशाहीची सरहद्द कधीकाळी तिथं होती, मोठी कापाकापी झाली होती, असं आसपासच्या गावांत सांगत. आता होती ती कुसळं आणि दगड. आम्ही बैलगाडीनं जायचो. फोटोच्या काचांची पेटी त्यांच्या मांडीवर, कॅमेऱ्याची तिपाई माझ्या. गाडी दगडावर आदळली की ते कळवळून ओरडत, “काचा! काचा!” माझ्या कमरेची विचारपूस कुणी करत नसे.

“पण इथं जिंकलं कोण?” मी एकदा विचारलं.

“ते बखरीत बघा. आपलं काम जमिनीशी.”

दुकानात मात्र त्यांना माणसांचा मनस्वी कंटाळा. नवरा-नवरी फोटोला बसली की म्हणायचे, “नवरदेव, श्वास मागाहून घ्या. त्याला उभा जन्म पडलाय.” लग्नसराईत अशी गिऱ्हाइकं कशीबशी उरकायची आणि रविवारी पुन्हा माळ.

एकदा एक धनगर मेंढरं सोडून आमच्याजवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, “घावलं का न्हाय अजून?”

“काय घावायचं?”

“हंडा की! उगंच कोन उनात येतंय हितं?”

“आम्ही माळाचा फोटो काढतोय,” गणपतराव म्हणाले.

धनगरानं माळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमी तरी लई शाने दिसत हुता,” असं म्हणून तो उठला आणि मेंढरांकडे गेला. मी मनातून त्याच्याच बाजूचा होतो.

बरं, एवढं करून फोटो पसंत पडेल तर शपथ! “ह्यात दगड फार दिसतात. पुन्हा जायला हवं.” एकदा कुठंतरी कडेला उभी असलेली खुरटी बाभूळ फोटोत यावी म्हणून त्यांनी भर उन्हात माळभर तिपाई नाचवली. बाभूळ आली, पण वाळलेल्या काटकीसारखी. “पुन्हा जायला हवं.”

शेवटी मी थकलो. आठवडाभर पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि सातव्या दिवशी हे. एका संध्याकाळी सरळ ‘नाही’ म्हणून सांगायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थांबलो.

काशीबाई वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घराबाहेर पडत नसत. माळाचा नवा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता.

“किती उजाड आहे हो,” त्या म्हणाल्या. “सावली तरी असेल ना कुठं जवळपास?”

“असेल ना. ह्या अंगानं दिसत नाही, एवढंच,” गणपतराव म्हणाले. त्यांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. “रविवारी त्या अंगानं काढतो.”

मला पाहून ते बाहेर ओट्यावर आले. आपणहूनच सांगू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा सदाशिव जर्मन लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे गेला आणि तिथंच पडला. पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. मी नवा, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं त्याच्या पलटणीतला एक गावकरी परत आला, तेव्हा वहिनींनी त्याला विचारलं, माझं पोर पडलं ती जागा कशी आहे? तो बिचारा काय सांगणार! म्हणाला, “मावशी, सीनेपल्याड लढाईचा माळ हाय बगा, तसंच हाय तितं.”

“तेव्हापासून हिला तो माळ बघायचा असतो,” गणपतराव म्हणाले. “दाखवला की रडते. नाही दाखवला तर विचारत राहते. जरा बरा दिसेल असा एक फोटो मिळावा म्हणून धडपडतोय. काय करू, मास्तर?”

“वहिनींनाच घेऊन जाऊ या,” मी म्हणालो. ‘नाही’ सांगायला आलेला माणूस मी!

त्या रविवारी गाडीत कडब्यावर गादी घातली. सगळी वाट गणपतराव वहिनींचे गुडघे धरून बसले होते आणि काचांची पेटी माझ्याकडे होती. माळावर पोचल्यावर आम्ही दोघांनी वहिनींना धरून उतरवलं आणि घोंगडीवर बसवलं. गणपतराव त्यांच्यावर छत्री धरून उभे राहिले. पेटी उघडायचं नावही त्यांनी काढलं नाही.

वहिनी माळाकडे बघत बसल्या. समोर दगड, कुसळं आणि लांबवर रिकामं आभाळ. त्या आता रडणार, असं वाटून मी बैलांकडे वळलो.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला.

“फोटोत हे आलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “इथं वारा आहे हो. सदाला उकाडा सोसायचा नाही.”

गणपतरावांनी छत्री मिटली आणि ते हळूच त्यांच्या शेजारी बसले.